मनकर्णाची न मोडलेली चूल

त्या दिवशी तव्यावर भाकर होती. शेजारची बयनाबाई ती आदिलाबादच्या दवाखान्यात पाठवायला भाजत होती. रस्त्यावरून कोणीतरी धावत आले, दारातच काही बोलले, आणि बयनाबाईने माझ्या जाळावर तांब्याभर पाणी ओतले. भाकर एका बाजूने कच्चीच राहिली. तेव्हा मला कळले की मनकर्णा गेली.

मित्रांनो, मी एक जुनी मातीची चूल आहे. वांकिडीजवळच्या एका गावात महिपतच्या घरी राहते. मनकर्णा त्याची बायको. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने नाल्याची माती आणली, भुसा आणि शेण घालून तुडवली आणि मला घातले. शेजारी दुसरे भांडे ठेवायला वैल केला. आमच्याकडे चूल घरची बाई घालते. मोडायची झाली तर जिने घातली तिनेच मोडायची, नाहीतर तिच्या लेकीसुनेने. परक्या हाताने चूल मोडत नाहीत.

माझ्यावरची ज्वारीची भाकर गावात नावाजलेली होती. कापूस वेचायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "मनकर्णाच्या घरची भाकर दोन दिवस नरम राह्यते." ती मला रोज सारवायची. पण या खोलीला खिडकी नव्हती. जळणाची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, ओली असली की धूर खोलीतच फिरायचा. ती पदर तोंडाला लावून फुंकायची आणि खोकायची. खोकला उन्हाळ्यातही राहू लागला.

मग महिला संघातून तिला गॅस मिळाला. टाकी देणारा म्हणाला, "शेगडी जमिनीवर ठेवू नका, टाकीपेक्षा उंच पाहिजे." म्हणून ओटा घालायचे ठरले. मनकर्णाने राखेने जमिनीवर रेघ ओढली. मी आहे तिथे ओटा, त्याच्यावर काळी फरशी, फरशीच्या वर खिडकी. महिपतने बैलगाडीतून फरशी आणली आणि अंगणात भिंतीला टेकवली.

मारोतराव मिस्त्री माप घ्यायला आला.

"काकू, किती उंच पाहिजे, हातानं दाखवा."

मनकर्णा माझ्यापुढे पाटावर बसली आणि हात पुढे केला.

"अवो काकू, उभ्या राहा न! ओटा उभ्यानं रांधाले असते."

"मंग आंधी सांगाचं न. मी त बसूनच म्हातारी झाली."

महिपत हसला. "हिले आता उभं राहाले शिकवा लागते."

"तुमाले बसून गिळाले कोनं शिकवलं?" ती म्हणाली आणि उभी राहिली. पीठ मळल्यासारखा हात हलवला. मारोतरावने तिच्या हाताखाली भिंतीवर कोळशाने रेघ मारली. मनकर्णा इतकी हसली की तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

मारोतराव म्हणाला, "काकू, खिडकी त आजच पाडून देतो."

"नोको. सारी धूळ भाकरीत पडल. वेचनाऱ्या बायाईले जेवाले लागते. कापूस घरी आला की मी चूल मोडतो, मंग सारं एकदमच करा."

महिपतलाही ते पटले. कापूस घरी आला. त्याच आठवड्यात तिला श्वास घेता येईना म्हणून बसने आदिलाबादला नेले.

तेरवीपर्यंत मी थंड होते. त्यानंतर मारोतराव आला.

"काका, ओटा घालू का? सामान पडून हाय."

"चूल कोन मोडन?" महिपत म्हणाला.

बयनाबाई दारात उभी होती. "मी मोडतो, भाऊ."

"तुनं घातली का ते?"

ती दारातून मागे सरली. या घरात लेक नाही, सून नाही. मारोतराव थापी पिशवीत घालून निघून गेला.

आता महिपत मला पेटवतो. त्याला जाळ लावता येत नाही, धूर जास्त होतो. गॅसची टाकी कोपऱ्यात तशीच बंद आहे. परवापासून तोही खोकतो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी चुलीपुढे खोकत असेल, तर सगळे काम एकदम करू म्हणून थांबू नका. चूल राहू द्या, ओटा राहू द्या. आधी भिंतीला खिडकी पाडा. त्याला कोणाचाही हात चालतो.

कोळशाची रेघ माझ्या वर भिंतीवर आहे. धुराने ती आता नीट दिसत नाही. फरशी अंगणात आहे. खिडकी अजून पाडलेली नाही.