जिंकण्याआधीचं गाणं

मुलाकडच्यांची बस वाडीच्या वाटेला वळली, तसा शांताचा हात गळ्याकडे गेला. थायरॉइडच्या ऑपरेशनचा व्रण भरला होता. पण त्यानंतर तिनं एकही सूर लावून पाहिला नव्हता. न्हाणीत नाही, केळीच्या बागेतही नाही. आवाज गेला असेल तर ते कळायलाच नको होतं तिला.

आज कळणार होतं. हळदीच्या दिवशी मांडवाच्या दारात विहिणींनी गाण्यानं भांडायचं, ही दोन्ही घरांची रीत. नवरीच्या आईनं स्वतःच गायचं, उसना गळा चालत नाही. जी अडली ती हरली. पण अडलेलीची ओळ दुसरीनं पुरी केली, तर हार त्या दुसरीची.

"मोबाइलवर लावू का तुझं जुनं गाणं?" धाकटी रेवा म्हणाली. "गर्दीत कुणाला कळतंय."

"उन्नतीला कळेल."

उन्नती, थोरली, आजची नवरी, आत हळदीच्या पाटावर बसली होती. आईच्या गाण्यावर झोपत मोठी झालेली पोर.

रेवा कॉलेजात इंग्रजी शिकवते. धीर द्यायला तिच्याकडे शब्दच होते. "आई, इंग्रजीत 'ट्रायम्फ' म्हणजे जिंकणं, जिंकून मिरवणं. रोमन लोक सेनापतीच्या विजययात्रेला तसं म्हणायचे. पण मूळ त्याहून जुनं असावं, ग्रीकांचं. देवाच्या मिरवणुकीत गायचं गाणं."

"म्हणजे गाणं आधी नि जिंकणं मागनं?"

"तसंच."

"मग गळाच नसला तर? धीर देतेस का भिववतेस गं?"

तोवर वसुंधराबाई दारात आल्याच. नवऱ्या मुलाची आई, मूळची साताऱ्याकडची, आता एव्हरशाईन सिटी नावाच्या शहरी वसाहतीतली. ऑपरेशनचं त्यांना ठाऊक नव्हतं. पदर खोचून त्यांनी सुरुवात केली:

"केळी तुमच्या वाडीच्या घडांनी गं वाकल्या,
आमच्या ह्या विहिणी दारातच थकल्या."

हशा पिकला. शांतानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. मागं उभ्या हरिभाऊंनी, तिच्या नवऱ्यानं, मान खाली घातली.

तिनं पुन्हा श्वास घेतला. या वेळी आवाज निघाला. जाड, खरखरीत, घागर विहिरीच्या कडेला घासत वर यावी तसा.

"वाकल्या त्या केळीला गं टेकू देते वेळूचा,
लेक माझी लवली तर..."

तिथं सूर तुटला. शांताचे ओठ हलत राहिले, डोळे भरले.

"थांब वहिनी, अडली ती," वसुंधराबाईंची नणंद कुजबुजली. "जिंकलो आपण."

वसुंधराबाई शांताकडे बघत राहिल्या. मग हळूच, तिच्याच पट्टीत खाली उतरून त्यांनी ओळ उचलली:

"आधार तिला सासूचा."

"काय गं हे," नणंद वैतागली. "हरवलंस की आम्हाला."

"हरले तर हरले."

शांतानं पदरानं तोंड पुसलं. "आवाज बदललाय हो माझा. आधी असा नव्हता."

"आधीचा मी कुठं ऐकलाय," वसुंधराबाई म्हणाल्या. "दार सोडा आता, विहीणबाई. पोर केव्हाची बसलीय पाटावर."