अर्ध्यावर थांबलेला हात

मित्रांनो, घरातलं इंटरनेट अडखळायला लागलं की तुम्ही ज्याच्याकडे रागाने बघता, तोच मी. मी एक जुना मोडेम आहे. नाशिकला, सिडकोतल्या दोन खोल्यांच्या एका घरात, टीव्हीशेजारी माझा मुक्काम आहे. माझे दिवे अजून लागतात, पण आतून मी फार थकलो आहे. जायच्या आधी या घराची हकिगत तुम्हाला सांगावी असं वाटतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे भाऊ एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होतो. कुणी आमच्या पोटात सर्किटची हिरवी पाटी बसवली, कुणी झाकण लावलं, कुणी पाठीवर नंबर चिकटवला. मग खोक्यात बंद होऊन आम्ही निघालो. कोण कुठे गेला, ते कळायला मार्ग नव्हता. मला मात्र चांगलं घर मिळालं.

ज्या दिवशी मला बसवलं, त्या दिवशी मला एक गोष्ट विचित्र वाटली. घरात तीन माणसं होती आणि बोलण्याचा आवाज नव्हता. वायर ओढायला आलेला संतोष काहीतरी विचारायचा, आणि उत्तर फक्त मुलगी द्यायची. तिचं नाव आरोही. तिचे वडील दिनेश अंबडच्या एका कारखान्यात कामाला होते. आई साधना घरी ब्लाउज शिवायची. दोघेही जन्मापासून कर्णबधिर. कर्णबधिर मुलांच्या शाळेतच त्यांची ओळख झाली होती. दारावरची घंटा वाजली की या घरात भिंतीवरचा लाल दिवा लागायचा. आरोहीला मात्र ऐकू येत होतं. बोलायला लागल्यापासून तीच आईवडिलांचा आवाज होती. बँकेत, दवाखान्यात, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे तीच बोलायची.

आता तिला पुण्याच्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी लागली होती. जाण्याआधी तिने मला घरात आणवलं. का, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या आईवडिलांना फोन कानाला लावता येत नव्हता. मोबाइलवर लिहून पाठवता यायचं, पण साधनाला मराठी लिहिणं कधी नीट जमलं नाही. "जेवलीस?" "बरी?" एवढंच ती लिहायची. मनातलं सगळं ती हातांनी बोलायची. ते हात पुण्यापर्यंत पोहोचवायचं काम माझं होतं.

सुरुवातीचे महिने फार सुखाचे गेले. संध्याकाळी साधना पोळ्या आटोपायची, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि समोर बसायची. दिनेश घरी असले तर खुर्ची ओढून शेजारी यायचे. पलीकडे आरोही दिसली की हात सुरू व्हायचे. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, वॉर्डात काय झालं, कारखान्यात कोण कुणावर ओरडलं, सगळं हातांनी. (त्यांचं बोलणं मी इथे तुमच्यासाठी शब्दांत सांगतो.) बोलणं संपलं की साधना माझ्या पाठीवरून फडकं फिरवायची. दिनेश माझ्याकडे बोट दाखवून अंगठा वर करायचे. अशी शाबासकी फार थोड्या मोडेमना मिळते.

साधनाचा माझ्यावर इतका जीव जडला की माझ्यावर धूळ बसलेली तिला चालेना. तिने मला शोकेसमध्ये ठेवलं, काचेच्या सरकत्या दारामागे. खाली सेट टॉप बॉक्स, बाजूला आरोहीच्या शाळेतल्या ढाली. आणि माझ्यासाठी तिने क्रोशाचं एक सुंदर आवरण विणलं. गुलाबी, कडेने पांढरी नक्षी.

मग उन्हाळा आला, आणि मी मंद व्हायला लागलो.

सकाळी मी ठीक असायचो. दुपारी जड व्हायचो. संध्याकाळी, नेमकी माझी गरज असायची तेव्हा, माझ्याने काही ओढवायचं नाही. मोबाइलवर आरोहीचा चेहरा अर्धवट हसून थांबायचा. हात हवेत अडकायचे. मित्रांनो, तुमचं फोनवरचं बोलणं तुटलं तर तुम्ही "हॅलो, हॅलो" करता आणि अंदाजाने शब्द जुळवता. हातांचं बोलणं तुटलं की शब्दच मोडतो.

उपाय सुरू झाले. दिनेश मला बंद करून पुन्हा चालू करायचे. थोडा वेळ मी बरा चालायचो, मग पुन्हा तेच. त्यांनी वायर बदलली, प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. खालच्या मजल्यावरचा सुनील चोरून आपलं वायफाय वापरतो असा त्यांना संशय आला, म्हणून आरोहीने पुण्याहून सांगितलं तसा त्यांनी पासवर्ड बदलला. सुनील बिचारा स्वतःच्याच वायफायवर क्रिकेट बघत होता.

शेवटी कंपनीकडे तक्रार करायचं ठरलं. पण तक्रार फोनवरच घेतात. तेव्हा शेजारच्या वत्सलाबाई धावून आल्या. मूळच्या सिन्नरकडच्या, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. साधनाशी त्या ओठ आणि हात दोन्ही हलवत बोलायच्या, आणि दोघींचं छान जमायचं. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नमस्कार मॅडम, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"दिनेश हाय ना इथं. त्याच्याच नावावर हाय."

"मग त्यांच्याशी बोलून खात्री करावी लागेल. त्यांना फोन देता का?"

"अहो ताई, त्याला ऐकू येत नाय."

"ठीक आहे मॅडम, मग त्यांच्या मिसेसना द्या."

"तिला बी नाय येत ऐकू!"

"मॅडम, आवाजाची खात्री झाल्याशिवाय मला तक्रार घेता येणार नाही."

वत्सलाबाईंनी फोन तोंडासमोर धरला. "दोघंबी माझ्यापुढं उभे हायत. मान डोलवत्यात. आता मान डोलवल्याचा आवाज मी कुठून आणू?"

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "थांबा मावशी, मी नोंदवते." तिच्याही कंटाळलेल्या आवाजात मला माझाच थकवा ऐकू आला.

तक्रार घेऊन संतोष आला. पाहुणा येणार म्हणून साधनाने सकाळीच माझं आवरण काढून धुवायला टाकलं होतं, मला शोकेसमधून बाहेर टेबलावर घेतलं होतं, पुसून लख्ख केलं होतं. संतोषने मोबाइल लावून वेग मोजला. मी ताजातवाना होतो, झरझर धावलो. "काहीच प्रॉब्लेम नाही, लाइन ओके आहे," म्हणून तो निघून गेला. आवरण वाळलं. मी पुन्हा काचेमागे गेलो.

आणि मग ती संध्याकाळ आली.

दिनेशची दुसरी पाळी होती. साधना एकटीच होती. आरोहीचा कॉल आला. तिचे हात नेहमीपेक्षा भरभर चालत होते. "आई, जर्मनीतल्या एका रुग्णालयासाठी माझी निवड झाली आहे. दोन वर्षं तरी तिकडे. उद्या होकार कळवायचा आहे. तू सांग, जाऊ का?"

साधनाचे डोळे भरले. मग तिने हात उचलले. "तू लांब. मी इथे. घर रिकामं." आणि पुढे तिला म्हणायचं होतं, "मला राग नाही. जा."

तुमच्या मराठीत "राग नाही" म्हणताना "नाही" शेवटी येतो ना, त्या हातांच्या भाषेतही तसंच आहे. आधी "राग", मग "नाही". साधनाने बोटं वाकडी करून छातीपासून वर नेली, भुवया आवळल्या. राग. आणि तिथेच माझा दम संपला. मान हलण्याआधी, हात फिरण्याआधी पुण्यातलं चित्र थांबलं. इकडे साधना "नाही" म्हणाली, "जा" म्हणाली, डोळे पुसून हसलीसुद्धा. तिकडे आरोहीला मोबाइलवर फक्त रागावलेली आई दिसत राहिली. मग कॉल तुटला.

थोड्या वेळाने आरोहीचे शब्द आले, "ठीक आहे आई." साधनाला वाटलं, सगळं पोहोचलं. ती निवांत झाली. दिनेश घरी आल्यावर तिने त्यांना हाताने विमान उडवून दाखवलं.

त्यानंतर आरोहीचे व्हिडिओ कॉल बंद झाले. "ड्युटी आहे." "उद्या बोलू." एवढंच यायचं. जायच्या तयारीत असेल, असं साधना दिनेशना सांगायची. पण संध्याकाळी डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर ती बसून राहायची. दिनेश ताट वाढून घ्यायचे आणि तिला खुणेनेच "जेव" म्हणायचे. ती नुसता वरणभात कालवत राहायची. मी तिला कसं सांगणार, की तुझं बोलणं पुण्याला गेलंच नाही? माझ्याकडे लुकलुकण्यापलीकडे काही नाही.

एका दुपारी वत्सलाबाई आल्या. त्यांना आपल्या मिक्सरसाठी तसंच आवरण विणायचं होतं. नमुना म्हणून माझं आवरण न्यावं, या विचाराने त्यांनी काच सरकवली आणि मला उचललं.

"अगं बया!" त्यांनी हात झटकला. "हा तर तव्यावाणी तापलाय!"

साधनाला शब्द ऐकू आले नाहीत, पण झटकलेला हात दिसला. तिने येऊन माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि पटकन काढला. तरी तेव्हा तिला त्यातलं काही कळलं नाही. वत्सलाबाई आवरण घेऊन गेल्या, काच उघडीच राहिली. त्या संध्याकाळी दिनेश मोबाइलवर बातम्या बघत होते, आणि चित्र एकदाही अडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग वत्सलाबाईंनी आवरण धुऊन, इस्त्री करून परत आणलं. साधनाने ते मला घातलं, काच लावली, आणि दिवेलागणीला चित्र पुन्हा अडकलं.

साधना शिवणाच्या मशीनवरून उठली. तिने आवरण काढलं. थोडी थांबली. चित्र चालू झालं. पुन्हा घातलं, वाट पाहिली, चित्र मंदावलं. तिने ते गुलाबी आवरण हातात धरून दिनेशना दाखवलं. माझ्या जिवावर बेतलेली ती नक्षी तिनेच इतक्या प्रेमाने घातली होती. तिचा चेहरा बघवेना. दिनेशनी ते तिच्या हातातून घेतलं, घडी केली आणि कपाटात ठेवून दिलं. मला शोकेसवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलं. किती दिवसांनी मला श्वास घेता आला.

साधनाने लगेच आरोहीला कॉल लावला. बराच वेळ कुणी उचलेना. शेवटी आरोही दिसली, नर्सच्या पोशाखात, दमलेली. साधनाने विचारलं, "निघायचं कधी?"

"कुठे?"

"जर्मनीला."

आरोहीने सावकाश सांगितलं, "मी नाव काढून घेतलं, आई. तू रागावलीस ना."

"राग? मी?"

"त्या दिवशी तू राग म्हणालीस. तुझा हात तसाच राहिला. मी कितीतरी वेळ बघत होते."

साधना मोबाइलच्या अगदी जवळ आली. बोटं वाकडी करून तिने हात वर नेला, राग, आणि मग मान हलवत हात ठामपणे फिरवला, नाही. पुन्हा एकदा. नाही. आणि जा. या वेळी मी त्यातलं काही सांडू दिलं नाही.

आरोहीने दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरले. जिथे हातांनी बोलतात, तिथे हात असे थांबले की ती शांतता सहन होत नाही. मला पहिल्यांदा वाटलं, आता चित्र अडकलं असतं तर बरं.

"मला विचारलं का नाहीस?" दिनेशनी विचारलं.

"आईचा चेहरा बघून भीती वाटली, पप्पा. मला वाटलं, पुन्हा विचारलं तर ती रडेल."

"पुन्हा अर्ज कर," साधना म्हणाली.

"ती तुकडी गेली. पुढची कधी निघेल, कुणालाच माहीत नाही."

गेलेली संधी त्या संध्याकाळी परत आली नाही. तो उन्हाळा आणि सगळा पावसाळा आरोहीने पुण्यातल्या त्याच वॉर्डात काढला. पण ती रोज कॉल करायची, आणि चित्र जरा जरी हललं तरी दोन्हीकडून लगेच विचारणा व्हायची, "काय म्हणालीस? पुन्हा सांग." दिवाळीनंतर दुसऱ्या तुकडीचं बोलावणं आलं. आरोही घरी आली, आठवडाभर आईच्या हातचं जेवली आणि गेली. निघताना वत्सलाबाईंनी तिच्या पिशवीत मेतकूट कोंबलं आणि म्हणाल्या, "तिकडं लय थंडी असती म्हणं. दोन स्वेटर घाल, लाजू नको."

त्याला आता बराच काळ लोटला. उष्णतेने माझं आतून जे व्हायचं ते झालंच. वारा लागला तरी मी आता लवकर दमतो. परवा संतोष येऊन सांगून गेला, नवा बसवावा लागेल. माझी हरकत नाही. फक्त मला घंटागाडीत भाजीच्या देठांबरोबर टाकू नका. जुनी यंत्रं जमा करतात तिथे द्या. माझ्या पोटातलं तांबं कुणाच्या तरी कामी येईल.

मित्रांनो, माझ्या जागी जो येईल त्याला उघड्यावर ठेवा, त्याला श्वास घेऊ द्या. आणि कधी तुमच्या माणसाचं बोलणं अर्धवट पोहोचलं, तर उरलेलं अर्धं आपल्या भीतीने भरून काढू नका. विचारा. पुन्हा विचारा. आम्ही यंत्रं थकतो, तुटतो, शब्द गाळतो. विचारणं मात्र आम्हाला येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.

आरोहीचा कॉल येतो आहे. तिकडे दुपार असेल. साधना हात पुसत स्वयंपाकघरातून आली, दिनेशनी खुर्ची ओढली. चला, मला कामाला लागलं पाहिजे.