घरच्या माणसाची पुडी

दिगंबरने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. उलटतपासणीला उभा राहिलेला वकील मनोहरच होता, त्याच्या बायकोचा, कालिंदीचा सख्खा धाकटा भाऊ. रविवारीच बहिणीच्या हातचं पोटभर जेवून गेला होता, पण हा खटला घेतल्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता पठ्ठ्याने.

बागबाजारातल्या एका दुकानदारावर बहात्तर साली भरलेला हा खटला. दुकानदाराकडे परवाना भांगेचा होता, गांजाचा नव्हता. पोत्यांतली पूड नुसत्या पानांची असली तर ती भांग, आणि माणूस सुटणार. तिच्यात फुलोरा मिसळलेला असला तर तो गांजा, आणि माणूस तुरुंगात. फुलोरा आहे, असा अहवाल सरकारी रसायनतज्ज्ञ म्हणून दिगंबरने दिला होता. त्याचा अहवाल आजवर कोर्टात कधी पडला नव्हता आणि तेवढाच त्याचा मान होता.

"शेंड्याजवळच्या पानांवरही फुलोऱ्यासारखीच चिकट लव असते, खरं ना?" मनोहरने इंग्रजीत विचारलं.

"असते."

"मग त्यांची पूड केल्यावर तुम्ही छातीठोकपणे कसं सांगता?"

ही शंका दिगंबरचीच. "भाऊजी, नीट समजावून सांगा ना," म्हणत मनोहर रविवारी मागे लागला होता, आणि याने कौतुकाने चित्र काढून आपल्या कामातली कच्ची बाजू त्याच्या हातात दिली होती. दिगंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं.

"शंकेला थोडी जागा राहते," तो म्हणाला.

मनोहर एवढ्यावर थांबला असता तरी जिंकला असता.

"आपण स्वतः भांग घेता?"

"विजयादशमीला. देवीचं विसर्जन झालं की इथे बंगाल्यांत सिद्धीचं, म्हणजे भांगेचंच, सरबत पितात, तसं घोटभर."

बाकांवर हशा पिकला.

"त्यात फुलोरा नाही, हे तपासलं होतं?"

"नाही."

"रसायनतज्ज्ञ असून? मग कुणाच्या भरवशावर प्यायलात?"

दिगंबरने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. ती पुडी दरवर्षी मनोहरच आणायचा. विचारून बसल्यावर ते मनोहरच्याही ध्यानात आलं असावं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आता दिगंबरने एक नाव घेतलं की भर कोर्टात त्याची शोभा झाली असती.

"घरच्या माणसाने आणली होती," दिगंबर म्हणाला. "घरच्या माणसाचं काय तपासायचं?"

मनोहर खाली बसला. खटला तोच जिंकला. एरवी खटला जिंकल्यावर यायचा तसा संदेश मिठाईचा पुडा घेऊन बहिणीकडे मात्र आला नाही.