मशीनची उत्तरपूजा

"आधी पुसायचं, मग तेल, मग बटण. हेमा, उलटं केलंस तर ती तोंडाने काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवील."

ह्यांचं हे बोलणं कोणी भिंतीपलीकडून ऐकलं असतं तर वाटलं असतं, सासूबाईंबद्दल चाललंय. चाललेलं असायचं मशीनबद्दल. वागळे इस्टेटमधला एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथली हाताने फिरवायची जुनी मिलिंग मशीन ह्यांनी टेम्पोत घालून डोंबिवलीला आणली आणि आमच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत बसवली. मग तिला मोटारी, पट्टे आणि कॉम्प्युटर लावला. आता कॉम्प्युटरला आकार सांगायचा, की फिरत्या कटरखाली टेबल आपलं आपण सरकतं आणि धातूला तो आकार येतो. लोकांच्या घरी मागच्या खोलीत जुनी गादी असते. आमच्याकडे ही.

लॉकडाऊनमध्ये ह्यांना शिकवायला दुसरं कोणी सापडेना, म्हणून मला शिकवलं. हे गेले, त्याला आता तीन वर्षं होतील. मशीन मी चालवते.

फार काही नसतं त्यात. रोजच्या पूजेसारखंच आहे, सातत्य लागतं. कीस ब्रशने झाडायचा, हवेने उडवायचा नाही, नाहीतर बारीक कण सरकत्या पट्टीखाली जाऊन बसतात आणि आतून खरवडतात. पट्ट्यांवर ह्यांच्या जुन्या रेनकोटचा चुणीदार पडदा शिवलाय. पावसाळ्यात झाकणाखाली कापूर ठेवायचा, गंज धरत नाही. आणि विजेची पेटी कायम बंद, तिच्यात धूळही जाता कामा नये, कारण मोटारींना हुकूम देणारी कार्डं तिच्यात आहेत. देवघरातला कापूर मशीनला जातो याचं सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग वाटलं, देवीला थोडाच गंज चढतोय.

नवरात्राच्या आधी मंजुळा आली. ती ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिच्या नवऱ्याची, भिवाजीची, खाडीत होडी आहे. इंजिनाच्या पंपाचं झाकण तडकलं होतं आणि इंजिन इतकं जुनं, की दुकानदार नाव ऐकून हसतात.

"बाय, दसऱ्याला होरी पान्यान जायला पायजे गो," ती म्हणाली. "घरधनी दिवसभर घरान बसलाय नं मना शिकवतंय, कालवनान मीठ किती टाकाचा ते. आनखी आठ दिस ऱ्हायला तर मीच त्याला खाडीत टाकीन."

"दसऱ्याला सकाळी घेऊन जा," मी म्हटलं.

"देवीची आन?"

"शपथ कशाला? देते म्हटलं ना."

खरं तर शपथेपेक्षा हे जड असतं. शपथ देवीला सांभाळावी लागते, शब्द आपल्याला.

नवमीच्या सकाळी झाकण मशीनच्या शिकंज्यात पकडलेलं होतं. कड झाली होती, मधली खोबणी झाली होती, स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. नैवेद्य झाला की करू, असा माझा हिशोब. नवरात्रात स्नानापासून नैवेद्यापर्यंत माझं मौन असतं. घरात एकटीच असल्यामुळे ते पाळायला सोपं जातं, असं मला वाटायचं.

तेवढ्यात नौपाड्याहून माझे दीर आले. उत्तमभावजी. सोबत जाऊबाई योगिनी, झेंडूच्या माळा, पंचपाळं, नारळ आणि इमारतीतले चार-पाच सद्गृहस्थ, जे आजवर मशीनच्या आवाजाची तक्रार करायला एकत्र यायचे.

"वहिनी, आज खंडेनवमी," भावजी म्हणाले. "दादाच्या मशीनची पूजा झालीच पाहिजे. शस्त्रच आहे ते!"

भावजी बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून उद्योगावर भाषणं देतात. दादा असताना त्यांनी ह्या मशीनला 'भंगार' म्हटलं होतं. हे गेल्यावर ती 'वारसा' झाली. पुसायला मात्र दोन्ही वेळा माझ्याकडेच होती.

मी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं.

"ताई किती संकोची आहेत बघा," योगिनी म्हणाली. "अहो ताई, खर्च आम्ही केलाय, तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

मी कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे मशीनचं झाकण होतं, ते घाला आणि वरून करा काय करायचं ते, असं मला म्हणायचं होतं. योगिनीने कपाटातून माझी चांगली शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.

मग पूजा सुरू झाली. हळद पट्ट्यांवर, कुंकू टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर. ज्या स्क्रूवर मी केसाएवढा कीस राहू देत नाही, त्याच्यावर भावजींनी चिमटीने नाही, मुठीने कुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या, त्या टेबलाच्या खाचांत अशा काही बसल्या, की पक्ष्यांनाही काढता येऊ नयेत. मी रोज देवांना हळदकुंकू वाहते. पण देवांना आतून तेल द्यावं लागत नाही.

"व्हिडिओत मशीन मेल्यासारखी दिसतेय," योगिनी मोबाइलमधून बघत म्हणाली. "अहो, ते निळे दिवे असतात ना आत, ते लावा की."

भावजींनी बटण दाबलं आणि दिवे दिसावेत म्हणून पेटीचं झाकण काढून ठेवलं. मी पुढे झाले. एका सद्गृहस्थाने मला आदराने मागे केलं. "फ्रेममध्ये येताय काकू."

भावजींनी नारळ वर उचलला. ते तो शिकंज्यावर फोडणार होते. मंजुळेच्या झाकणाच्या बरोबर शेजारी, उघड्या पेटीच्या बरोबर वर.

"भावजी, नारळ बाहेर!"

नवरात्रातलं माझं पहिलं सकाळचं बोलणं. खोलीत सगळे माझ्याकडे वळले, एक हात सोडून. तो आधीच खाली निघाला होता.

नारळ फार छान फुटला. पाणी टेबलाच्या खाचेतून धावत पेटीत गेलं. चट् असा आवाज झाला, एक निळा दिवा विझला, घरातली वीज गेली आणि जळक्या रबरासारखा वास सुटला.

मग भावजी हळूहळू, दुःखाने म्हणाले, "वहिनी, नवव्या दिवशी मौन मोडलंत."

"अरेरे," एक सद्गृहस्थ म्हणाले.

"आठ दिवस पाळलं हो," दुसऱ्याने हळहळ केली, "अगदी शेवटी घात झाला."

"भावजी, पेटीत पाणी गेलं म्हणून..."

"पाणी निमित्त असतं वहिनी. कारण वेगळं असतं."

योगिनीने माझा हात धरला. "ताई, मनाला लावून घेऊ नका. देवी माफ करते."

म्हणजे मशीन मी जाळली होती, आणि मला माफी मिळण्याची शक्यताही होती.

जाताना भावजींनी दारात बजावलं, "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही हं. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलत नाहीत. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळं पाळणाऱ्या." आणि मंडळी आवारातल्या मंडपात प्रसादाला गेली.

मी मेन बटण बंद करून पेटी पुसली. तीन कार्डांपैकी एक काळं पडलं होतं. ते नसेल तर टेबल पुढे-मागे जाईल, डावी-उजवीकडे नाही. भोकं पडणार नाहीत. असं कार्ड विठ्ठलवाडीला एका दुकानात मिळतं. फोन केला.

"आहे काकू, पण दुपारी दोनपर्यंत या. उद्या बंद."

फोन ठेवला तर मंजुळेचा आला.

"बाय, जाला का गो? घरधन्याने जाली काढून ठेवल्यान. आज सकालधरनं मिठाचा एक शब्द नाय काढला त्यानं. मना भ्यावच वाटतंय."

तिला काय सांगणार? मशीन पूजेला बसलीये? नवरा होडीवर जाण्याच्या आनंदात गप्प झालाय, त्याला दसऱ्यानंतर पुन्हा मिठावर बसव?

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं.

आता राहिला हात न लावण्याचा प्रश्न. भावजी म्हणाले ते खोटं नव्हतं, आमच्याकडेही पाळतात. मी सबंध आयुष्य पाळलेलं आहे. पण पूजा मांडता येते तशी ती उतरवताही येते, हे भाषणं देणाऱ्यांना ठाऊक नसतं, कारण तोपर्यंत ते प्रसादाला गेलेले असतात. मी पदर घेतला, दिवा लावला, मशीनला नमस्कार केला. अक्षता वाहिल्या, पण टेबलावर नाही, खाली ताटलीत. उत्तरपूजेत देवतेला पुन्हा येण्याचं आमंत्रण देतात. देवीला मी ते मनापासून दिलं. पूजकांना देण्याची पद्धत नाही, ते बरंच आहे. मग देव हलवतात तसं शिकंज्याला बोटाने जरासं ढकललं आणि माळ उतरवली.

काळं पडलेलं कार्ड रुमालात गुंडाळून पिशवीत घातलं.

मंडपात भावजी उभे राहून सांगत होते, नारळ फुटताच मशीनमधून धूर आला तो सगळ्यांनी पाहिला, दादाने तो प्रसाद स्वीकारल्याचीच ती खूण. योगिनी व्हिडिओ दाखवत होती. कोणीतरी हात जोडले. मी मंडपाच्या मागच्या बाजूने, कनातीला धरून, चपला न वाजवता फाटकाबाहेर आले आणि पहिल्या रिक्षाला हात केला.

"कल्याणवरून विठ्ठलवाडी. दोनच्या आत पोचवा हं भाऊ."