खालच्या फळीवरची माचिस

आमच्या यायचं पोट देवळीतल्या लोकायले पत्ता सांगाच्या कामी येत होतं. कोणी बसस्टँडवर इचारलं, "मधुकरराव किराणावाले कोणते?" का लगेच उत्तर, "ते काय, पोटवाले." माणूस बराबर दुकानात पोचे. मले असा राग ये! नवऱ्याची ओळख पोटावरून दिलेली कोण्या बायकोले आवडन, सांगा.

पण यायले त्याचं काही नव्हतं. सकाळी गादीवर बसले का दुपारी जेवाले उठत. चपला अंगठ्याच्याच घालत, वाकून पट्टा लावता येत नव्हता म्हणून. पायाची नखं बी मीच काढून देत होती. मी चिडचिड करू करू काढून देओ आन् हे वरून म्हणत, "कुंता, जरा हळू, बोट माहं हाय."

हे सारं मी हासण्यावारी नेलं असतं. पण नव्व्याण्णव साली आमच्या मोठीचं, उज्वलाचं लग्न झालं आन् हासणं संपलं. जावई धर्मेंद्र, बोरगाव मेघेचे. आता आमच्याकडे रीत अशी का, पोरीचा बाप पाटावर बसते आन् जावयाचे पाय परातीत धुते. माय झारीतून पाणी सोडते. कन्यादानाच्या वक्ती एवढं एक काम आईबापाच्या हातचं. पोरगी लहानाची मोठी केली ते याच दिवसासाठी, असं मले तरी वाटे.

हे पाटावर बसले, ते कसेबसे. वाकले आन् अर्ध्यातच अडकले. पोट मांडीवर आलं, श्वास कोंडला, तोंड लालभडक. मी म्हणून राह्यली, "हळू, हळू." यायनं जोर लावला आन् एका कुशीवर धपकन कलंडले. परात उलटी, सारं पाणी जावयाच्या नव्या पँटीवर. मांडवात असा हशा पिकला का बॅन्डवाले बी वाजवाचं थांबले. एक धर्मेंद्र तेवढे हासले नाईत. भटजी म्हणे, "मुहूर्त चालला, दुसरं कोणी बसा." मंग माहे दीर रूपराव आन् जाऊ कांता पाटावर बसले. हे खुर्चीवर. माह्या हातातली झारी जावेच्या हातात गेली, आन् माह्या पोरीचं काम मी उभ्यानं पाह्यलं.

उज्वलानं त्याच्याबद्दल कधी शब्द काढला नाई. पण लग्नाचा अल्बम कोणाले दाखवताना ते एक पान ती भरकन उलटवे. मी पाह्यलं होतं. यायनं बी पाह्यलं होतं.

पाच वर्षानं दिपालीचं जमलं. दिपाली आमची लहानी. जावई किशोर, आष्टीकडचे, शाळेत मास्तर. दिवाळीनंतर साक्षगंध झालं. जेवणं झाली, पानसुपारी चालू होती, आन् किशोरचे मामा हासत हासत यायले म्हणे, "व्याहीबुवा, यावक्ती पाय कोण धुणार? नाई, दुसरी पँट सोबत आणाव का, म्हणून इचारलं."

सारे हासले. रूपराव भाऊजी बिचारे भोळे. म्हणे, "दादाले काऊन तरास? मी हाओ ना!" कांतानं तं तिथंच मनात पाटावर नेसाचं पातळ ठरवलं असन. माहा जीव जळून राह्यला होता, पण व्याह्याच्या देखत काय बोलाव?

पाहुणे गेले. हे ओसरीवर बसून होते. म्हणे, "दिपालीची माय, यावक्ती मी धुईन. पोट राहो का जावो."

"राहून कसं होईन?" मी म्हटलं. "जावंच लागन."

आन् यायनं उपास धरले! सोमवार होताच, त्याच्यात गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी, एकादशी, जे सापडन ते. आमच्या घरात कधी एवढा देवधर्म झाला नव्हता. मी बी तशीच शहाणी. उपासाच्या माणसाले उपाशी कसं ठेवाव? सकाळी साबुदाण्याची उसळ, वरून दाण्याचा कूट, तुपाची धार. दुपारी भगर आन् दाण्याची आमटी. चार वाजता बटाट्याचा कीस. रात्री शिंगाड्याचा शिरा, रिकाम्या पोटी यायले झोप येत नाई म्हणून. दुकान घरचं, साबुदाणा घरचा, कमी कशाची?

संक्रांत झाल्यावर किसनराव शिंपी लग्नाच्या सदऱ्याचं माप घ्याले आले. टेप गुंडाळली, चष्मा पुसला, पुन्हा गुंडाळली.

"मधुकरभाऊ, वाढलं."

"काय वाढलं?"

"दुसरं काय वाढन?"

"अरे, मी हप्त्यातून चार दिवस उपाशी हाओ!"

किसनरावनं यायच्या हाताकडे पाह्यलं. हातात शेंगदाण्याचा लाडू होता, उपासाचा. दिपाली हासता हासता खालीच बसली. म्हणे, "आई, तू बाबाले उपास नाई करवून राह्यली, रोज पंगत वाढून राह्यली."

मले असा संताप आला, अर्धा यायचा आन् अर्धा माहा. त्या दिवशी उपास बंद. देवाले म्हटलं, बापा, तू बी दमला असशीन. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, झुणका, ताक. मधातच भूक लागली तं काकडी, ते बी आमच्याच वाडीतली. यायच्या लुनाची किल्ली दिपालीनं काढून घेतली. मंग भाजीच्या वाडीवर पायी जाणं आन् पायी येणं. पहिले काही दिवस हे रस्त्यानं प्रत्येक झाडाखाली बसत होते.

तरी मले चैन नव्हतं. लग्न वैशाखात, आन् खरी गोम होती दुकानात. यायनं दुकान असं लावलं होतं का गादीवरून उठाचं कामच पडू नये. डाव्या हाताले साबण, उजव्या हाताले चहापत्ती, डोक्याशी माचिस, पाठीशी गूळ. दिवसभर फक्त हात हाले, बाकीचं शरीर सुट्टीवर. एका रविवारी हे वाडीवर गेले आन् मी पदर खोसला. जे दिवसातून शंभरदा लागते ते सारं खालच्या फळीवर टाकलं, माचिस तं एकदम तळाशी. जे वर्षातून एकदा लागते ते वर. गादी गुंडाळली आन् माळ्यावर फेकली.

हे आले, दारातच थबकले. "हे काय केलं व तू?"

"वाका."

"गिऱ्हाईक निघून जाईन!"

"जाईन तं जाईन. झारी दुसऱ्यांदा जावेच्या हातात नाई देणार मी."

यायनं दोन दिवस माह्याशी अबोला धरला, पण माचिस खालीच राह्यली.

देवळीत अशी गोष्ट लपते का? शेजारची भागीरथाबाई पहिली आली. "मधुकरभाऊ, एक माचिस." हे कण्हत कण्हत वाकले, दिली. पैसे काढता काढता ती म्हणे, "अजून एक द्या बाप्पा." पुन्हा वाकले. "आन् थोडी चहापत्ती."

"बाई, एकाच वक्ती सांगता येत नाई का?"

"एकाच वक्ती सांगितलं तं तुमचं पोट कसं जाईन?"

झालं! साऱ्या आळीले खेळ भेटला. माणूस पाव किलो गूळ घ्याले ये आन् छटाक छटाक करून मांगे. लग्नाची गोष्ट साऱ्यायले माहीत, पाण्याची बी. पाच वर्षाआधी जे हासले होते तेच आता दुकानासमोर उभे राहून म्हणत, "अजून जरा खाली, भाऊ, अजून जरा!" हे आधी चिडत. मंग हासाले लागले. होळीपर्यंत तं गिऱ्हाईक दिसलं का स्वतःच म्हणत, "बोला, खालचं काय देऊ?"

पोट हळूहळू उतरून राह्यलं होतं. एक दिवस हे अंगणात पाट मांडून बसले, समोर परात, परातीत उलटं घमेलं. घमेलं धुऊन राह्यले होते. मी तेवढ्यात वाडीतून आली, वांग्यायले पाणी देऊन. पाय चिखलानं भरलेले.

"बस त्या खुर्चीवर," हे म्हणे.

"काऊन?"

"घमेल्याले पाय नसतात. बस म्हटलं ना."

मी बसली. यायनं घमेलं बाजूले सारलं आन् माहा पाय हातात घेतला. मी झटकन मांग ओढला. "अजी, काय करता! कोणी पाह्यलं तं? पाप लागन मले."

"इतके वर्ष तू माही नखं काढली, मले लागलं का? ठेव पाय."

ठेवला. वाकता वाकता यायचा श्वास फुले, मधातच थांबत, पुन्हा वाकत. बोटाबोटातला चिखल काढला. टाचेच्या भेगा अंगठ्यानं चोळल्या आन् म्हणे, "लय फाटल्या व तुह्या टाचा. कधी सांगितलं नाई." मी तिकडे तोंड फिरवलं. खोटं कशाले सांगू, मले त्या दिवशी लय सुख वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चिखलातून आली.

लग्नाचा दिवस उजाडला. किसनरावनं सदरा दोनदा आत घेतला होता. पोट काही पोरायसारखं सपाट झालं नव्हतं, पण मांडीवरून उठून आपल्या जागी गेलं होतं. सकाळी पाह्यलं तं हे पायरीवर बसून स्वतःची नखं स्वतः काढून राह्यले. मले म्हणे, "पाह्य, बोट शाबूत हाय."

मांडवात किशोर जावई चौरंगावर बसले. हे पाटावर, मी बाजूले झारी घेऊन. कांता नवं पातळ नेसून मांग उभी होती, नेसू दे. किशोरचे मामा पुढंच येऊन बसले, मजा पाहाले. सारी देवळी श्वास धरून. आन् किशोरनं पाय चौरंगाखाली ओढून घेतले!

"मामाजी, राहू द्या," ते यायले म्हणे. "तुम्ही वडिलांसारखे. तुमच्याकडून पाय धुवून घेणं मला पटत नाही."

पोरगा भला, त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण यायचं तोंड असं झालं का मले रडू येते का हासू, समजे ना.

"जावईबापू," हे म्हणे, "तुमचा इचार चांगला हाय. पण संक्रांतीपासून साबुदाणा नाई पाह्यला मी. सारं गाव येऊन मले माचिस मांगून राह्यलं. काढा पाय बाहेर!"

मांडव हासला. दिपाली तिकडून डोकं खाली घालून म्हणे, "धुऊ द्या ना हो. नाई तं मी बोहल्यावर येतच नाई." किशोर हासले, पाय पुढं केले.

मी झारी तिरपी केली. हे वाकले. अडकले नाईत. दोन्ही पाय नीट धुतले, पुसले, गंध-फूल वाह्यलं. मामा टाळ्या वाजवून म्हणे, "वा व्याहीबुवा!" मी कोणाकडे पाह्यलं नाई, झारी घट्ट धरून बसली. मले वाटलं, झालं, आता हे उठतीन. रूपराव भाऊजीनं आधाराले हात बी पुढं केला.

हे उठले नाई. मले म्हणे, "झारीत पाणी हाय का?"

"हाय."

"भटजी, मुहूर्ताले येळ हाय?"

"हाय थोडा. काऊन?"

"मोठे जावई कोठी हायत?"

धर्मेंद्र मंडपाच्या टोकाले पंगतीच्या पत्रावळी मोजून देत होते. लोकायनं त्यायले हाका मारून पुढं आणलं. हे म्हणे, "जावईबापू, बसा. तुमचे पाय राह्यले होते माह्याकडून."

धर्मेंद्र गडबडले. "मामाजी, आता काय त्याचं? पाच वर्ष झाले."

"म्हणूनच बसा."

किशोरनं उठून चौरंग मोकळा केला. धर्मेंद्रनं बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली. कोणी हासलं नाई. बॅन्डवाले आपल्या मनानं थांबले. मी पाणी सोडलं, थोडं बाहेर बी सांडलं. हे वाकले आन् तेवढ्याच सावकाश दोन्ही पाय धुतले, एक एक बोट पुसलं.

उज्वला बायकायच्या गर्दीतून कधी पुढं आली ते मले दिसलंच नाई. बापाच्या समोर पाटाजवळ खालीच बसली. म्हणे, "बाबा, मले वाटे तुमी इसरले."

"रोज आठवे, माय," हे म्हणे. "वाकता येत नव्हतं."

तिनं बापाचे ओले हात आपल्या पदरात घेतले आन् पुसू लागली. हात कवाच कोरडे झाले होते, भटजी मुहूर्त मुहूर्त करून राह्यले होते, तरी ती पुसतच होती.