मग आजी आली

भागूबाईंनी पुठ्ठ्याचं जाड पान उलटलं, खालच्या अक्षरांवर तळहात पालथा ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या चित्रावर टेकवलं. चित्रात लाल फ्रॉकातली, दोन शेंड्या बांधलेली मुलगी एकटीच जिना चढत होती.

"ही बघ. एक पायरी चढली, दोन चढली, अन् धपकन पडली. मग?"

"मग आजी आली," मांडीवरची नंदू म्हणाली.

"आली अन् काय केलं?"

"उचलून घेतलं."

"शहाणी माझी बाय."

तळहाताखाली छापलेलं होतं, 'एक पायरी, दोन पायऱ्या, बघा, चढले मी!' भागूबाई चौथी पास होत्या. अडखळत का होईना, पण चातुर्मासात पोथी वाचून दाखवायच्या. त्यामुळे वाचता येत नाही म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय त्यांना नव्हती.

नंदू म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाची, शिवराजची, पावणेतीन वर्षांची राजनंदिनी. शिवराज आणि त्याची बायको सरिता दोघंही वाळूजच्या कारखान्यांत कामाला. नंदू सहा महिन्यांची झाली तेव्हा शिवराज देवगाव रंगारीला जाऊन आईला बजाजनगरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घेऊन आला होता. गावी थोरल्याचा संसार होता. नवरा बद्रीनाथ वारल्यावरही त्या घरात भागूबाईंना कमी काही नव्हतं. थोरली सून वेळेवर ताट आणून पडवीत ठेवायची आणि आत जायची, ताट रिकामं झालं की उचलायची. दिवसच्या दिवस भागूबाईंना कुणी हाक मारायचं नाही. हाक मारावी असं काम तरी त्यांच्याकडे काय होतं? इथं मात्र सकाळी डोळा उघडायच्या आत 'आजी, आजी' सुरू व्हायचं. दोन वर्षं झाली तरी त्या हाकेनं अंगावर मूठभर मांस चढत होतं.

पुस्तकं सरितानं जानेवारीत आणली. तीन होती, गोल कोपऱ्यांची, पोरानं चावली तरी फाटणार नाहीत अशी. गल्लीच्या टोकाला लहान मुलांची शाळा होती, तिथल्या बाईंनीच सुचवली होती. मुलानं आपल्या हातानं खायला हवं, शी-शू सांगायला हवं आणि तासभर घरच्या माणसाशिवाय बसायला हवं, तरच जूनमध्ये प्रवेश, असा त्या शाळेचा नियम होता.

"आत्याबाई, दुपारी रोज वाचून दाखवा हं," सरिता सासूला म्हणाली होती. "यानं पोरं धीट होतात म्हणे. मला तर घरी येईस्तोवर अंधार पडतो."

पहिला आठवडा भागूबाईंनी इमानानं वाचलं. आणि पोरगी खरंच धीट झाली. उलटसुलट का होईना, चपला आपल्या आपण घालायला लागली. एक दिवस तर आजी भाजी निवडत असताना दाराची कडी सरकवून एक मजला खाली उतरली आणि तिथून वर बघून हसत उभी राहिली. भागूबाईंनी धावत जाऊन तिला उचललं. पण संध्याकाळी तेच त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

शिवराज खूश झाला.

"मग जूनमध्ये शाळा पक्की. तिथंच पाळणाघर आहे, सहापर्यंत ठेवतात. आई, तू सुटलीस एकदाची! जूनमध्ये तुला गावाकडं सोडून येतो. इथं लई कोंडल्यासारखं झालं तुला."

त्यात खोट नव्हती, हीच तर पंचाईत होती. बिल्डिंगमधल्या बायकांपुढे भागूबाईच उठता-बसता गावचं पाणी, गावची हवा यांचे गोडवे गायच्या. गावात मला कुणी विचारत नाही, हे चारचौघींत कोण सांगतं? आणि मुलानं ते खरं धरलं. गरज सरो, वैद्य मरो, असं काही त्याच्या मनात नव्हतं. पण मनात असो वा नसो, वैद्याला मरावंच लागतं.

'मला नाय जायचं' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढे पदर पसरला नाही, तिला पोटच्या पोराकडेही ते मागवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक उघडलं तेव्हा त्यांचा तळहात अक्षरांवर गेला.

लाल फ्रॉकातली मुलगी जिन्यावर पडली. तिनं दूध सांडलं. बूट घालताना तिचं बोट चेमटलं. शेवटच्या पानावर ती शाळेच्या फाटकातून हात हलवत होती, तिथं तिला माणसं ओळखीची दिसेनात म्हणून रडू फुटलं. आणि प्रत्येक पानावर आजी आली. हळूहळू नंदू चपला घेऊन आजीसमोर पाय पुढे करून बसू लागली. जिना उतरायचा म्हटलं की हात वर करायची. भागूबाईंचे गुडघे बोंबलायचे, तरी तीन मजले त्या पोरीला कडेवर घेऊन उतरायच्या. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. एवढंसं लेकरू, धीट व्हायला अख्खा जन्म पडलाय, असं त्या स्वतःला सांगायच्या.

एप्रिलमधल्या एका शनिवारी शाळेत बोलावणं आलं. शिवराजला ड्यूटी होती. सरिता सुट्टी काढून नंदूला आणि सासूला घेऊन गेली. बुटक्या खुर्च्यांच्या खोलीत शाळेच्या बाई चटईवर बसल्या होत्या. त्यांनी नंदूला ठोकळे दिले, चेंडू दिला. नंदूनं आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं ते वर काढेना. आजींनी थोडं बाहेर बसावं, असं बाई म्हणाल्या, तर तिनं असा टाहो फोडला की दारातून दोघीतिघी डोकावल्या.

"बरं, बरं. आजी इथंच बसतील," बाई म्हणाल्या आणि कपाटातून एक पुस्तक काढून त्यांनी नंदूसमोर उघडलं. "ही कोण गं? काय करते ही?"

लाल फ्रॉक दिसल्याबरोबर नंदूचं रडू थांबलं. पदर न सोडता तिनं एक बोट चित्रावर ठेवलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "चढली. धपकन पडली. मग आजी आली."

भागूबाईंनी पुस्तकावरची नजर काढून घेतली.

"अरे वा!" बाई हसल्या. "आणि इथं?"

"दूध सांडलं. मग आजी आली." पुढचं पान नंदूनं स्वतःच उलटलं. "बोट चेमटलं. मग आजी आली." शेवटच्या पानाशी तिचा आवाज बारीक झाला. "हितं कुणीच नाय. ही रडती. मग आजी घरी नेती."

"पण बाळा, ती तर हसतेय बघ. आणि आजी कुठंय यात?"

नंदूनं चित्र नीट पाहिलं. पान उलटून मागचा पुठ्ठाही पाहिला. मग भागूबाईंकडे बोट दाखवलं.

"ही काय!"

सरितानं पुस्तक बाईंच्या हातातून घेतलं. तीन महिने हेच पुस्तक तिच्याही घरात होतं, पण बसून वाचायला तिला एक दुपार मिळाली नव्हती. आता ती पहिल्या पानापासून वाचू लागली, ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर तिनं ते मिटून चटईवर ठेवलं. भागूबाई समोरच्या भिंतीवरचा फळांचा तक्ता बघत होत्या. आंबा, केळी, सीताफळ.

"घाई नको करायला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "यंदा राहू द्या घरीच. पुढच्या जूनमध्ये बघू."

रिक्षानं तिघी परत आल्या. बिल्डिंगशी उतरल्यावर नंदूनं हात वर केले, आणि भागूबाईंनी तिला उचलून घेतलं. सरिता मागून जिना चढत होती. तिची नजर भागूबाईंना पाठीवर टोचत होती.

शिवराज दुपारी घरी आला. सरितानं त्याला एवढंच सांगितलं, की नंदूला घेतलं नाही, वर्षभर थांबा म्हणाले.

तो मटकन खाटेवर बसला.

"म्हणजे आई, तू अडकलीस परत. तुला गावाकडं जायचं होतं अन् आम्ही..." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "अजून एक वर्ष काढशील ना गं?"

भागूबाई सरिताकडे बघत राहिल्या. ती आता बोलेल, मग बोलेल. बोलावं, असंच त्यांना वाटत होतं. तिनं मुलादेखत तोंड सोडलं असतं तरी चाललं असतं, त्याहून हे गप्प बसणं जड जात होतं.

"काढतील की," सरिता म्हणाली. "काढावंच लागंल. त्यांच्याशिवाय आता हिचं पान हलायचं नाय."

तिनं वरणभात कालवला आणि ताटली नंदूसमोर न ठेवता सासूच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. भरवा."

आणि ती आत निघून गेली. शिवराजही हातपाय धुवायला उठला.

नंदू आ वासून बसली होती. भागूबाईंना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घर मिळालं, वर्ष मिळालं, हाक मारणारं माणूस मिळालं. वर पुन्हा मुलगाच ओशाळला होता. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की हात ताटलीकडे जाईना. मग त्यांनी लहानसा घास केला, नंदूचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर तो ठेवला.

"खा माझी बाय. तुझ्या हातानं खा. सांडू दे सांडलं तर, कुणी रागवायचं नाय."

नंदूनं हातातल्या घासाकडे बघितलं, मग आजीकडे.

"तूच खा गं राणी. येतंय तुला."

नंदूनं मान हलवली. मग तो घास, एक शीतही खाली न पाडता, तिनं आजीच्या तळहातावर परत ठेवला आणि तोंड उघडलं.