हरवलेली व्ही. चंद्रिका

नागपूरच्या प्राचीला चेन्नईत नोकरी लागली ती शोधनिबंध मोजायची. नव्या औषधांच्या शोधात देशाने किती काम केलं आणि कुणी केलं, याचा अहवाल तिची संस्था करत होती. घरच्यांना वाटे, पोरगी औषधं शोधते. तीही त्यांचा गैरसमज मोडत नसे.

ती तिरुवल्लिकेणीत मामींकडे भाड्याने राही. मामी तंजावरी मराठी, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. दारावर पाटी यजमानांची, सेतुमाधव रावांची. अख्ख्या गल्लीला त्या नुसत्या मामी.

मोजता मोजता प्राचीला घबाड सापडलं. इकडच्या कितीतरी संशोधक बायका ऐन भरात लिहायच्या थांबत. लग्नाने देशाची औषधं बुडवली, असं प्रकरणच तिने लिहिलं. उद्या ते मांडलं की नोकरी कायम, असं तिचे वरिष्ठ दर्शन सर म्हणाले होते.

कॉफी पिताना तिने हे मामींना रंगवून सांगितलं. उदाहरण दिलं व्ही. चंद्रिकाचं. क्षयाच्या औषधावर सुंदर काम, आणि पुढे बिचारीचा पत्ताच नाही.

मामींनी पेला खाली ठेवला. "मी कोठें गेलें, मा? येथेंच आहें. आधी बाबांचा इनिशियल, व्यासराजांचा व्ही. लग्न जालें, ह्यांचा एस. आला. तेवढेंच."

काखेत कळसा नि गावाला वळसा! आडनाव लावायचं नाही, आधी बापाचं अक्षर आणि मग नवऱ्याचं, ही रीत नागपूरच्या मुलीच्या ध्यानात कुठून येणार? एस. चंद्रिका मोजणीत होतीच, अचानक उगवलेली नवखी म्हणून. बाकीच्या हरवलेल्यांतल्याही बऱ्याचजणी मामींच्या मैत्रिणी निघाल्या, त्यांचंही नुसतं अक्षर बदललेलं. प्राची गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. प्राचीला रडू आलं, पण तिने प्रकरण पुसलं.

सकाळी दर्शन सर आधी करवादले. मग विचार करून म्हणाले, या सगळ्या बायकांची लग्नाआधीची नि नंतरची नावं आता तूच जोडून दे, त्यात वर्ष जाईल. म्हणजे नोकरी टिकली.

निबंध तेवढेच, त्यामुळे जोडाजोडीने देशाचा आकडा तसूभरही हलणार नव्हता. त्याच संध्याकाळी प्राचीने मामींपुढे त्यांचे सगळे निबंध एका नावाखाली ठेवले. मामींनी ते असे कधी पाहिलेच नव्हते. लग्नानंतर आपल्या हातून फारसं काही झालं नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या.

बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग आत हाक मारली, "अहो, चष्मा घेऊन या. मी काय काय केलें, पाहा."